दोन रात्रींचा जलसा

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला मुलाकडे राहावयास गेलो होतो. निवृत्त इतिहासशिक्षकाला पुण्यात करण्यासारखे पुष्कळ असते. सकाळी पर्वती, दुपारी एखादे ग्रंथालय, संध्याकाळी व्याख्यान. आणि व्याख्यान नसले तर बाकावर बसून कालच्या व्याख्यानाची निंदा. अशा सुखात दिवस चालले असता एका शनिवारी नातू जवळ येऊन बसला. तो जवळ येऊन बसला की काही तरी मागणे असते, हे मी ओळखून आहे.

"आबा, आज रात्री आमचा गिग आहे. येता का?"

"गिग म्हणजे काय रे?"

"कार्यक्रम. गाण्याचा. पंक रॉक."

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, त्यांना कशाला नेतोस तिकडे? कानठळ्या बसतील." आता, सूनबाईंनी हे म्हटले नसते तर कदाचित मी गेलोही नसतो. पण म्हाताऱ्या माणसाला अमुक झेपणार नाही असे कोणी म्हटले, की ते झेपवून दाखवल्याखेरीज त्याला अन्न गोड लागत नाही. मी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि निघालो. नातवाने वाटेत औषधाच्या दुकानातून कापूस घेऊन दिला.

ठिकाण म्हणजे एका इमारतीच्या तळघरातील लहानशी खोली. शंभर-सव्वाशे मुलेमुली दाटीवाटीने उभी. बसायला जागा नाही; माझ्या पिकल्या केसांकडे पाहून कोणी तरी एक प्लास्टिकची खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली. मंच जमिनीपासून वीतभर उंच. गायक आणि श्रोते यांच्यामध्ये ना पडदा, ना अंतर. वाद्ये तीन: दोन गिटारी आणि एक ढोलांचा संच. गाणे सुरू झाले आणि मी कापूस आठवणीने आत ढकलला.

पहिली दहा मिनिटे मला काही उमगले नाही. गाणे दीड-दोन मिनिटांत संपे. आलाप नाही, तान नाही, आर्जव नाही. एकच ठेका, आणि त्यावर जवळजवळ भांडण केल्यासारखे शब्द. समोरची मुले एकमेकांना धक्के देत वाटोळे फिरत होती. मारामारी जुंपली असे वाटून मी उठू लागलो, तोच पाहिले की एक मुलगा पडला आणि चार हातांनी त्याला क्षणात उचलून उभे केले. मी पुन्हा खुर्चीवर बसलो.

मग एक हिंदी गाणे आले. नगरपालिकेचे पाणी, पोलिसाचा दंडुका, परीक्षेचा फुटलेला पेपर, असे काहीसे त्यात होते. मध्येच गायकाने थांबून एका बड्या माणसाची नक्कल केली. नाव घेतले नाही, पण मान वळवण्याची ढब अशी उचलली की सगळी खोली हसली. आणि माझ्या मनात लख्खकन उजेड पडला. मी म्हटले, अरे, हे तर मी पाहिलेले आहे! तळघरात नव्हे, उघड्या आभाळाखाली. गिटारीवर नव्हे, ढोलकीवर. पूर्णेच्या काठी, आमच्या केदारखेड्यात, १९७१ सालच्या एप्रिलात.

*

केदारखेडा हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जालन्याहून भोकरदनकडे जाताना पूर्णेच्या काठी ते लागते. नकाशाने आमच्या गावाला बरेच फिरवले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे. पुढे हैदराबाद राज्याचे. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे. १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे. १९७१ साली आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो, आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा निघाला तेव्हा जालन्यात आलो. गाव मात्र जागचे हलले नाही. भोकरदन हे आमच्या तालुक्याचे ठिकाण म्हणजे जुने भोगवर्धन; तिथल्या माणसांनी दिलेल्या दानांचे उल्लेख सांचीच्या शिलालेखांत आहेत. तात्पर्य, आमचा मुलूख मागासलेला म्हणणाऱ्यांनी दोन हजार वर्षे मागे जाऊन बोलावे.

पण त्या एप्रिलात मला सांचीची आठवण नव्हती. मी एकोणीस वर्षांचा, औरंगाबादेस कॉलेजात शिकत होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. माझा एक वर्गमित्र बौद्धवाड्यातला. चौथीपासून आम्ही एका बाकावर. तोही औरंगाबादेसच शिके, पण मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढलेल्या. त्याचा आवाज खडा होता आणि पेटी तो ऐकून ऐकून शिकला होता. जयंतीचा जलसा होता. तो म्हणाला, "तू येशील ना?" मी म्हणालो, "न येऊन कसं चालेल?"

दोन बैलगाड्या जोडून, वर फळ्या टाकून मंच केला होता. दोन गॅसबत्त्या सुंसुं करीत होत्या. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे आणि माझ्या मित्राची पेटी. एका बाजूला बायका, लेकरे मांडीवर घेऊन. दुसऱ्या बाजूला पुरुष. आणि बत्तीचा उजेड जिथे संपतो तिथे, अंधारात, गावातले आम्ही पाच-सहाजण उभे. ऐकायचे होते, पण ऐकताना दिसायचे नव्हते.

गाणे दारूवर झाले, सावकारावर झाले, शाळेवर झाले. मग सोंगाड्या पुढे आला. त्याने पाटलाचे सोंग घेतले. धोतराचा सोगा हातात धरून तो तीन पावले चालला आणि लोक हसून लोळले. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या ध्यानात आले की ही चाल माझ्या थोरल्या चुलत्यांची आहे. हसू अर्धेच राहिले. पण खरे सांगतो, चाल हुबेहूब होती.

तेवढ्यात माझ्या मित्राने मला पाहिले. पेटीवरचा हात न काढता तो मोठ्याने म्हणाला, "काहून रे, तिथंच उभा राहिला? इकडं ये ना, पुढं बस!" सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हणालो, "सकाळी लवकर उठायचं आहे." आणि निघून आलो. घरी वडिलांनी विचारले, "कुठं गेला होतास?" मी सांगितले, "राजूरला, गणपतीच्या दर्शनाला."

*

ही कला आली कुठून, हे पुढे इतिहास शिकवता शिकवता मला समजत गेले. वाचकांना ते थोडक्यात सांगतो.

मूळ खोड तमाशाचे. पेशवाईत रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांनी लावणी गाजवली. पुढे १८६५ च्या सुमारास उमाजी मांग सावळजकर यांनी 'मोहना बटाव' हा वग रचला, आणि गाण्याला कथेची जोड मिळाली. गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम ठरला. यातली बतावणी फार महत्त्वाची. दिवसभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याची रात्री नक्कल करण्याचा परवाना सोंगाड्याला असे. ढोलकी-हलगी वाजवणारे हात बहुतेक महार-मांगांचे. पण हा परवाना सूर्योदयाबरोबर संपे. ढोलकी खाली ठेवली की तोच माणूस वेशीबाहेर.

हे खोड घेऊन त्यावर नवे कलम बांधले ते सत्यशोधकांनी. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या मागे ओतूरचे भीमराव महामुनी आदी मंडळींनी ओळखले की खेड्यातला माणूस व्याख्यानाला येत नाही, पण ढोलकी वाजली की येतो. म्हणून त्यांनी तमाशाचा साचा ठेवला आणि आतला ऐवज बदलला. गौळणींची थट्टामस्करी गेली. कर्ज, अज्ञान आणि पोथीनिष्ठ फसवणूक यांची चिरफाड आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत सातारा-पुण्याकडे या जलशांनी गावेच्या गावे हलवली.

त्यापुढचे पाऊल आंबेडकरी जलशाचे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. या आंदोलनांच्या धगीतून नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसे उभे केले. पूर्वी मंचावरचा सोंगाड्या दुसऱ्याला हसे. हा जलसा श्रोत्याला स्वतःकडे बघायला लावी. मेलेले जनावर ओढू नका, बलुत्याच्या तुकड्यावर जगू नका, पोर शाळेत घाला. एका रात्रीच्या करमणुकीत इतके कडू औषध पाजणे सोपे नव्हे. बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे देणगी म्हणून नाकारल्याची हकीकत सांगतात. आणि जलशाचे मोल मात्र त्यांनी आपल्या भाषणांहून अधिक मानले, असेही सांगतात. दोन्हींत वाद्ये तीच होती. फरक होता तो कोण कोणासाठी उभे आहे याचा.

आमच्या निजामी मुलुखात हे वारे जरा उशिरा आले, पण आले. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यात मक्रणपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ज्या डोंगरात आमची पूर्णा उगम पावते, त्याच भागातली ही गोष्ट. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाच्या जागी गायनपार्ट्या आल्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक एकतारीसारखा एकटा गळा घेऊन खेडोपाडी फिरले आणि बुद्धभीमगीते घराघरांत पोहोचली. १९७१ ला आमच्या गावी मी जे पाहिले, ते या साऱ्याचे शेवटचे, घरगुती रूप होते.

सरकारांना मात्र अशा गाण्यांची धास्ती सदैवच. १८७६ साली इंग्रजांनी नाट्यप्रयोगांवर बंधने घालणारा कायदा केला. आणि स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. नंतर ती उठवली, पण वगांची संहिता आधी तपासण्याच्या अटीवर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने मग 'तमाशा' हे नाव बाजूला ठेवून 'लोकनाट्य' म्हटले आणि सांगायचे ते सांगितलेच.

*

आता विलायतेकडे वळू. कारण नातवाने घरी परतताना मला त्याच्या गाण्याची वंशावळ ऐकवली, आणि पुढे पंधरा दिवस ग्रंथालयात बसून मी ती ताडून पाहिली.

पंक हे अपत्य दोन शहरांचे. न्यूयॉर्कला 'रमोन्स' या मंडळींनी १९७४ पासून दोन-दोन मिनिटांची धडाकेबाज गाणी सुरू केली. लंडनला 'सेक्स पिस्टल्स'चा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ रोजी एका कलाशाळेत झाला. बेकारी वाढली होती, तरुणांपुढे काम नव्हते, आणि त्या काळचे प्रतिष्ठित रॉक संगीत इतके अवघड व खर्चिक झाले होते की गल्लीतल्या पोराने ते फक्त दुरून ऐकावे. या मुलांनी सांगितले की गाण्याला उस्ताद लागत नाही. १९७७ च्या जानेवारीत एका हस्तलिखितवजा मासिकाने गिटारीवरचे तीन स्वरमेळ काढून दाखवले आणि वाचकांना सुचवले की आता स्वतःचा संच काढा. आमच्या मित्राला पेटी कोणी शिकवली होती?

१९७७ हे राणीच्या राज्यारोहणाचे पंचविसावे वर्ष. सेक्स पिस्टल्सनी राणीवर उपरोधाचे गाणे काढले. बी.बी.सी.ने त्याच्यावर बंदी घातली, तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर चढले. ७ जूनला त्यांनी थेम्सवर नाव भाड्याने घेऊन गायला सुरुवात केली, आणि पोलिसांनी नाव किनाऱ्याला लावून काहींना पकडून नेले. आमचा सोंगाड्या हे ऐकून म्हणाला असता, यात नवल ते काय?

पण मला अधिक मोलाची वाटली ती पुढची गोष्ट. गोऱ्या पोरांच्या या रागाचे दोन फाटे फुटू शकत होते. काहीजण काळ्या-सावळ्या परदेशस्थांच्या द्वेषाकडे वळत होते. त्याविरुद्ध १९७६ साली 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातून निघून हजारो माणसे पूर्वेकडच्या व्हिक्टोरिया बागेत जमली, आणि 'द क्लॅश'सारखे गोऱ्यांचे पंक संच व 'स्टील पल्स'सारखे काळ्यांचे रेगे संच एका मंचावर गायले. त्याच सुमारास मार्गारेट थॅचरबाईंनी परकी संस्कृती देश बुडवील अशी लोकांना भीती वाटते, असे बोलून दाखवले होते. लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या काही मुलांनी १९७९ मध्ये संच काढला आणि तोच टोला उलटवून नाव ठेवले 'एलियन कल्चर'. शिवीचे बिरूद करण्याची ही युक्ती आपल्याकडे दलित साहित्याने त्याच दशकात केली.

आपल्याकडे रॉकचा मोठा मेळा भरू लागला तो १९८६ पासून, मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात, 'इंडिपेंडन्स रॉक' या नावाने. पंकवाले थोडेच. मुंबईच्या 'द रायट पेडलर्स' आणि 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड' यांची नावे नातवाने आदराने घेतली, जसे आम्ही वामनदादांचे घेतो.

दोन्ही गोष्टी एकच, असे मात्र मी म्हणणार नाही. लंडनच्या पोराने केस रंगवून स्वतःला समाजाबाहेर काढले. आमच्याकडच्या गायकाला जन्मतःच बाहेर काढलेले होते, आणि तो गात होता तो आत येण्यासाठी. एकाला नासधूस हवी होती, दुसऱ्याला शाळा. तरीही दोघांना एक गोष्ट ठाऊक होती. ज्याच्यापाशी दुसरे काही नाही, त्याच्यापाशी ठेका असतो.

*

ज्या १९७८ च्या एप्रिलात व्हिक्टोरिया बागेत गोरे आणि काळे एकत्र गायले, त्याच वर्षी जुलैत मराठवाडा पेटला. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि खेडोपाडी दलितांची घरे जळू लागली. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तो विदर्भाच्या सीमेवर खडकपूर्णेच्या पुलापाशी अडवला गेला. खडकपूर्णा म्हणजे आमचीच पूर्णा. केदारखेड्यावरून खाली वाहत गेलेली.

त्या जुलैत मी आणि माझा मित्र, दोघेही एकाच गावी शिक्षक होतो. गावाचे नाव घेत नाही. एके संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात आला. खांद्यावर पेटी होती, तीच केदारखेड्याची. तो म्हणाला, "आई-बाबांना घेऊन रात्रीच औरंगाबादेला चाललो. हे ओझं बरोबर नेता येत नाही. चार दिवस ठेवशील?"

मी म्हणालो, "घरमालकाला विचारायला लागेल रे."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग "बरं," म्हणाला, पेटीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेला. मी घरमालकाला विचारले नाही. तो नाही म्हणाला नसता, असे मला आजही वाटते.

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, की दंगलीत दोन बाजू असतात. हे खरे नव्हे. तिसरी बाजू असते, आणि तिच्यात माणसे सर्वांत जास्त असतात. बत्तीचा उजेड जिथे संपतो तिथे ती उभी असतात.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यानंतरच्या एका वर्धापनदिनी मी विद्यापीठाच्या कमानीपाशी गेलो होतो. लोटलेल्या गर्दीत, गाण्यांच्या मंचापाशी तो भेटला. केस माझ्याइतकेच पिकलेले. चहा घेतला, मुलाबाळांची चौकशी झाली. शेवटी मी विचारले, "पेटी कशी आहे?"

"नवी घेतली," तो म्हणाला.

आणखी काही तो बोलला नाही, मीही नाही. तीन वर्षांपूर्वी तो गेला. माझी क्षमा मागायची राहून गेली.

*

पुण्याच्या त्या तळघरात मध्यंतर झाले, तेव्हा पुढच्या संचातली एक मुलगी माझ्यापाशी आली. गिटारीची काळी, टणक पेटी तिच्या हातात होती. गर्दीत ती ठेवायला जागा नव्हती. ती संकोचून म्हणाली, "आजोबा, आमचं गाणं होईपर्यंत ही एवढी सांभाळाल का? जड आहे जरा."

मी म्हणालो, "ठेव बेटा."

तिने पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि ती मंचाकडे पळाली. चौथ्या गाण्याला माझे गुडघे दुखू लागले. नातू गर्दीतून वाट काढीत आला, म्हणाला, "आबा, द्या ती इकडे, खाली ठेवतो." मी दिली नाही. कानातला कापूस काढून मफलरात ठेवला आणि शेवटचे गाणे संपेपर्यंत तसाच बसून राहिलो.